शीला डोळस आणि नागपूरला निघालेली खोली

पडदा वर जातो.

अंबरनाथ एमआयडीसीतली एक शेड. भिंतीला टेकून पाण्याच्या टाक्यांचे साचे उभे आहेत, कोपऱ्यात काचेच्या धाग्यांच्या मॅटचे गठ्ठे, आणि हवेत रेझिनचा असा दर्प की नवखा माणूस दारातच थांबून डोळे पुसेल. साल २००६, जुलै महिना. रविवार आहे, कामाला सुट्टी. मध्यभागी दोन चाकांची एक ट्रॉली. परवापर्यंत तिच्यावरून एका मांडववाल्याचा जनरेटर लग्नालग्नांतून फिरत होता. आता जनरेटर नाही. त्याच्या जागी लोखंडी पट्ट्यांचा सांगाडा उभा आहे, दहा फूट लांब, सहा फूट रुंद, माणूस आत ताठ उभा राहील एवढा उंच. सांगाड्याखालून दोन पाय बाहेर आलेले दिसतात. पायात पुरुषी बूट, वर खोचलेली हिरवी साडी.

"मामा, तेवढा बारा-तेराचा पाना द्या," पाय म्हणतात.

हे शीला डोळस हिचे पाय. वय सत्तेचाळीस. बावीस वर्षं ती याच शेडमध्ये फायबरचं काम करत होती. साच्यावर मॅट अंथरायची, तिला रेझिनचा चिकट, वाळून कडक होणारा रस पाजायचा, रोलर फिरवून आतली हवा काढायची. टाक्या, संडासाची दारं, रसायनांच्या कारखान्यांची धुराडी, सगळं तिच्या हाताखालून गेलेलं. काचेचे तंतू घुसून घुसून कोपरापर्यंत कायमची खाज. नवऱ्याला तिने लग्नाच्या तिसऱ्याच वर्षी "तुझा रस्ता तो, माझा हा" असं सांगून टाकलं होतं, आणि त्यानंतर रस्ता विचारायला ती कुणाकडे गेली नाही. मी तिचा सख्खा मामा नव्हे, भिंतीला भिंत लागलेला शेजारी. चाळीस वर्षं नाटकांत राजे, सरदार आणि वेडे रंगवून घरी बसलेलो. मला दुपारी उद्योग नसे, म्हणून पाने द्यायच्या कामावर नेमणूक झाली. भूमिका लहान होती, पण नाटक बघायला जागा पहिल्या रांगेत मिळाली.

नाटक असं. शीलाचे वडील धोंडिबा, सगळ्या गल्लीचे आबा, काड्यापेटीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, वय अठ्ठ्याहत्तर. छप्पन्न साली नागपूरला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली तेव्हा आबा त्या मैदानावर हजर होते. अठ्ठावीस वर्षांचे, अंगात उसना पांढरा सदरा. गर्दीत चपला हरवल्या, अनवाणी परत आले, आणि पुढे आयुष्यभर ही हकिकत ते चपलांपासूनच सुरू करत. येत्या दसऱ्याला त्या दिवसाला पन्नास वर्षं होणार होती. आबांना पुन्हा एकदा त्या जमिनीवर जायचं होतं. पण दोन वर्षांपूर्वी मोरीत घसरून त्यांचा खुबा मोडला तो धड जुळलाच नाही. बसता येत नव्हतं. उताणं पडायचं, फार तर कुशीवर वळायचं.

आगगाडीने न्यावं तर त्या दिवसांत डब्यात पाय ठेवायला जागा नसते. ॲम्ब्युलन्सचं नाव काढलं की आबा भिंतीकडे तोंड करत. "ॲम्ब्युलन्समधून माणूस दवाखान्यात जातो. मला नागपूरला जायचंय."

तेव्हा शीलाने ठरवलं की खाटेसकट खोलीच न्यायची. चाकं लावून, जीपच्या मागे जोडून.

तिचा धाकटा भाऊ राजरत्न हे ऐकून बदलापूरहून तडक आला. तो सरकारी कचेरीत कारकून. तिथल्याच मांजर्लीत तळमजल्यावर राहतो. आदल्या वर्षीच्या पुरात त्याच्या घरात छातीएवढं पाणी होतं, तरी 'उगाच धोका पत्करू नये' हे त्याचं ब्रीद काही वाहून गेलं नव्हतं.

"ताई, आठशे किलोमीटर आहे. वाटेत काही झालं तर?"

"इथे काही होणार नाही असं डॉक्टरने लिहून दिलंय का?"

"मी मोठा टीव्ही आणतो. सगळा सोहळा दाखवतात. आबा झोपल्या झोपल्या बघतील."

"तू बघ टीव्ही. त्यांनी दीक्षा मैदानात उभं राहून घेतलीय, पडद्यावर नाही."

"तुला हट्टच करायचाय ना?"

"हो. तुला आत्ता कळलं?"

खाटेवरून आबा म्हणाले, "भांडा, भांडा. मी हाय तवर भांडून घ्या. मागनं मजा येत नाय."

तर सांगाडा झाला. आता प्रश्न उभा राहिला तो त्याच्या कातडीचा. बाहेरून लावायचं काय, फायबर की ॲल्युमिनियमचा पत्रा?

मी पत्र्याच्या बाजूने. आमच्या नाटक कंपनीची बस पत्र्याची होती. एकदा संगमनेरच्या अलीकडे एका बैलगाडीचं जू तिच्या कुशीत घुसलं. गावातल्या लोहाराने आतून लाकडी हातोड्याने ठोकून तासाभरात कूस सरळ केली, आणि रात्री तिसरी घंटा वेळेवर झाली. हे मी शीलाला साभिनय सांगितलं. फायबरला तडा गेला तर आडवाटेला मॅट कुठून आणशील, रेझिन कुठून आणशील?

"डब्यात घेऊन जाईन बरोबर. हात तर माझेच आहेत."

तिला मी उल्हासनगरला लछूशेठच्या वखारीतही नेलं. हा सिंधी माणूस मोडीत निघालेल्या एसटी गाड्यांचे पत्रे विकतो. त्याने एक पत्रा उचलून गुडघ्यावर वाकवला आणि सोडून दिला.

"देखो मौसी, ॲल्युमिनियमला पिचक आली तर ठोको, सीधा. फायबर फुटला तर बसून रडो. और वजन? एका हाताने उचल."

"शेठ, उन्हात तापतो किती?"

"तापणार ना! लेकिन हवा पण लागते की नाही गाडी चालल्यावर? तुमको एसी पाहिजे तो राजधानीने जा."

ती हसली, पण पत्रा घेतला नाही. परतीच्या रिक्षात म्हणाली, "मामा, पत्रा म्हणजे झोपडी. आबांनी चाळीस वर्षं पत्र्याखाली काढली. पावसात त्याचा आवाज, उन्हात त्याची भट्टी, वर दगड ठेवायचे उडू नये म्हणून. पक्क्या छताखाली आले तेव्हा केस पांढरे झालेले. आता नागपूरला पुन्हा पत्र्यात घालून नेऊ? माझी गाडी गुळगुळीत, पांढरीशुभ्र असणार. एक खिळा दिसणार नाही. लोकांनी विचारलं पाहिजे, कुणाची गाडी आहे?"

इतकी वर्षं भरजरी कपडे चढवून मिरवलेला माणूस मी. मला थाट कळतो.

शेडचे मालक विष्णुपंत, इंजिनिअर माणूस, सरळ. त्यांनी उरलेली मॅट दिली आणि कामानंतर शेड वापरायची मुभा दिली. फक्त एकदा बजावलं, "शीलाबाई, ऑगस्ट आहे. हवेत ओल आहे. रेझिन आतपर्यंत सुकायला वेळ लागेल. घाई करू नका."

"साहेब, बावीस वर्षं करतेय."

"म्हणूनच सांगतोय."

तिने घाई केली. दिवस कमी होते. आणि काम असं केलं की काय सांगू! काचेवर ओतून काढलेले पांढरे तुकडे, बदकाच्या अंड्यासारखे नितळ. ते सांगाड्यावर चढवले आणि सगळे सांधे आतल्या बाजूने मॅट-रेझिनने बुजवून टाकले. बाहेरून पाहावं तर एकसंध. शेडमधल्या बायका हात पुसून मग हात लावत होत्या. मधोमध आबांची खाट जमिनीला पक्की जोडली, डोक्याशी खिडकी, पायाशी मोरीची सोय, एका बाजूला शीलाला बसायला फळी.

सप्टेंबरच्या मध्याला तालीम ठरली. बदलापूरचा हरिचंद्र, ज्याची जीप ही खोली ओढणार होती, तो आणि राजरत्न यांनी आबांना उचलून आत निजवलं. शीला फळीवर बसली. मी दार लावून घेतलं. शेडच्या आवारात दोन फेऱ्या मारायच्या, धक्के किती बसतात ते बघायचं, एवढाच कार्यक्रम होता.

दुसऱ्या फेरीला आतून दार बडवल्याचा आवाज आला. उघडलं तर आबा खोकत होते. डोळ्यांतून धारा, ओठ निळसर. बाहेर आणून लिंबाखाली निजवलं तेव्हा पाच मिनिटांनी श्वास ताळ्यावर आला. शीलाने पाणी पाजलं. आबा म्हणाले, "शिले, त्यात तुझा आख्खा कारखाना भरलाय गं."

"म्हणजे?"

"वास, बाई. मिरची घातल्यागत."

शीला उठली. खोलीत शिरून दार लावून बसली. आम्ही बाहेर उभे. चांगल्या दहा मिनिटांनी बाहेर आली. डोळे कोरडे, चेहरा नेहमीसारखा. माझ्याजवळ येऊन हळू विचारलं, "मामा, तुम्हाला येतो वास?"

"येतो."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग बोलला का नाही?"

मला वाटलं, हिचं काम हिला ठाऊक. वास असतोच, जाईल. हरिचंद्रला तेच वाटलं, राजरत्नलाही तेच. कसबी माणसाला कोण शिकवणार? आणि त्या कसबी बाईला बावीस वर्षांत त्या दर्पाची इतकी सवय झाली होती की नाकाने तो मोजणंच सोडून दिलं होतं. ओलीमुळे सांध्यांतलं रेझिन आत कच्चं राहिलं होतं, खोली भरभरून तो वास सोडत होती, आणि अख्ख्या अंबरनाथमध्ये तो न येणारी बाई एकच होती. नेमकी खोली बांधणारी.

राजरत्न म्हणाला, "झालं? आता तरी ऐकशील?"

मी डोळ्यांनी त्याला खुणावलं, गप्प. पण तो घाबरला होता. घाबरलेला माणूस बोलतोच. "मी पहिल्यापासून सांगत होतो. आबा आज तुझ्या हातून गेले असते, ताई."

शीलाने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. विष्णुपंत ऑफिसातून धावत आले होते. त्यांनी उपाय सुचवला, "आत मोठे दिवे लावून आठ-दहा दिवस तापवू. कच्चं रेझिन पिकेल, वास मरेल."

"मेला की नाही हे कोण सांगणार साहेब? मी?"

तिने पदर कंबरेला खोचला.

"आबांवर प्रयोग करणार नाही मी," ती म्हणाली. "कटर द्या."

आणि स्वतःच्या हातांनी महिनाभर घडवलेलं ते अंडं तिने त्याच दुपारी कापायला घेतलं. नाकातोंडाला ओढणी बांधून, चष्मा लावून. मशीनची किंचाळी, पांढरी धूळ, आणि एकेक तुकडा खाली. आयुष्यात मी मंचावर पुष्कळ सिंहासनं मोडताना पाहिली, बहुतेक पुठ्ठ्याची. हे खरं होतं. बायका पाहत उभ्या होत्या, एकीने डोळ्याला पदर लावला. शीला त्यांच्यावर ओरडली, "रडता काय? तुकडे उचला, पायात येतायत!"

आबांनी लिंबाखालून हाक मारली. ती मशीन बंद करून गेली.

"पत्रा लाव."

"आबा, पत्रा नको म्हणून तर..."

"पत्र्याखालीच तुला वाढवली ना? काय वंगाळ झाली का तू?"

दसऱ्याला सोळा दिवस उरले होते.

लछूशेठने आम्हाला पाहून एवढंच म्हटलं, "मैंने बोला था ना, मौसी?" आणि मग चहा मागवला, आणि स्वतः ढिगात उतरून सरळ पत्रे निवडून दिले. जुने असल्यामुळे कुठे अर्धवट अक्षरं होती, कुठे लाल पट्टा.

पत्रा ठोकायची पद्धत अशी की एकटा माणूस ते करू शकत नाही. बाहेरून एकाने रिबीट, म्हणजे बिनपेचाचा खिळा, घालून हातोडा मारायचा, आतून दुसऱ्याने बरोबर त्याच जागी लोखंडी ठोकळा दाबून धरायचा. दोघं एकमेकांना दिसत नाहीत. मधे पत्रा. पहिल्या दिवशी ठोकळा मी धरला, पण माझे हात थरथरतात, रिबिटी वाकड्या बसल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी राजरत्न कचेरीतून थेट शेडवर आला. शर्ट काढून बनियनवर आत शिरला. बाहेरून शीलाने नखाने पत्र्यावर टकटक केलं. आतून त्याने त्याच जागी टकटक केलं. हातोडा पडला.

पुढचे नऊ दिवस बहीण-भाऊ असे पत्र्याच्या दोन बाजूंनी बोलत होते. तोंड दिसत नसलं की माणसं बरं बोलतात.

"आबा गेले असते असं बोलायला नको होतं मी."

"बोललास ते खरं होतं. नीट धर, सरकतंय."

"धरलंय. तुला भीती नाही वाटत, ताई?"

"वाटते. म्हणून काय हातोडा खाली ठेवू?"

पत्रा आणि आतलं प्लायवूड यांच्यामध्ये तिने थर्माकोल भरला, उन्हासाठी. छतावर गोणपाट बांधलं, वाटेत भिजवायला. पुन्हा तालीम झाली तेव्हा आधी मला आत बसवलं, मग राजरत्नला, मग हरिचंद्रच्या आईला, जिला शेजारच्या घरातली फोडणी कशाची आहे तेही कळतं. तिघांनी वास नाही म्हटल्यावरच आबांना आत नेलं. दाराशेजारच्या पत्र्यावर एसटीतली 'राखीव' ही अक्षरं शिल्लक होती. आबांनी ती आत जाता जाता वाचली आणि म्हणाले, "चला, झोपायलाबी राखीव जागा मिळाली!" ती अक्षरं शीलाने रंग न लावता तशीच ठेवली.

निघालो. पुढे हरिचंद्र आणि मी, मागे आबा, शीला आणि राजरत्न. त्याने रजा टाकली होती. "काही झालं तर मी बरोबर असलेला बरा," असं तो तीन वेळा म्हणाला. जीपला पंचरंगी झेंडा. ताशी तीस-पस्तीसच्या वर जायचं नाही हा शीलाचा हुकूम. कसाऱ्याच्या घाटात पत्रा ताशासारखा वाजू लागला आणि आबांनी आतून ठेका धरला. धुळ्याच्या पुढे एका ट्रकने घासून डाव्या कुशीला हातभर पोचा पाडला. शीला उतरली, आतली फळी सोडवली, लाकडी हातोड्याने वीस मिनिटांत ठोकून काढला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "कळलं, मामा. बोलू नका." मी ब्रदेखील काढला नाही. एवढा संयम मी मंचावर कधी दाखवला नव्हता. जळगावापासून ऊन पेटलं. दर तासाला थांबून छतावरचं गोणपाट भिजवायचं. वाटेत लोक विचारत, हे काय आहे? आबा खिडकीतून सांगत, "घर. लेकीनं केलंय." मग चपलांची गोष्ट.

चौथ्या दिवशी सकाळी नागपूर आलं.

दीक्षाभूमी बरीच लांब होती तरी रस्ता पांढऱ्या कपड्यांनी भरलेला. पुढे लाकडी अडथळे, त्यांच्यामागे पोलीस. एक हवालदार हात आडवा करून आला.

"गाडी इथपर्यंतच. पुढे पायी."

शीला उतरली. आत कोण आहे, कशासाठी आलंय, सगळं सांगितलं. हवालदार वाईट माणूस नव्हता. त्याने खिडकीतून डोकावून आबांना जय भीम केला. पण मान हलवली. "हुकूम आहे, बाई. एक गाडी सोडली की मागच्या शंभर भांडतील. आजोबांना इथूनच हात जोडू दे. पोचलेच आहेत की."

"इथून काय दिसतं?"

"गर्दी दिसते. लाखो लोक आहेत, बाई. मला काय हौस आहे?"

तो दुसऱ्या गाडीकडे वळला. राजरत्नच्या तोंडावर तीन दिवसांचा शीण होता. "ताई, आता बास. इथवर आणलंस. नागपुरात आहेत आबा. खाट तर तूच जमिनीला जोडून टाकलीयस, उचलायची म्हटली तरी उचलणार कशी?"

मी डोकावलो. आबा छताकडे पाहत होते. तीन दिवसांत पहिल्यांदाच गप्प.

शीलाने कंबरेवर हात ठेवून एकदा गर्दीकडे पाहिलं, एकदा खोलीकडे. मग जीपमधून पाना आणि हातोडी काढली आणि मागच्या दाराच्या बिजागऱ्यांना भिडली. राजरत्नला कळायला दोन क्षण लागले. मग तो पलीकडून दार पेलायला गेला. दार लोखंडी चौकटीवर पत्रा ठोकलेलं, सहा फुटी. ते निघालं. त्यावर गादी आली, गादीवर आबा, आबांच्या अंगावर पांढरी चादर, आणि छातीवरून दोन साड्या आवळून बांधल्या. एका कोपऱ्याला हरिचंद्र, एकाला राजरत्न. उरलेल्या दोन कोपऱ्यांना मी हाक मारायच्या आत अनोळखी हात आले. एक नांदेडचा मास्तर, एक कुठलासा रेल्वेतला खलाशी. शीला पुढे, रस्ता मोकळा करत.

चौघांच्या खांद्यावर पांढऱ्या चादरीत आडवा म्हातारा पाहून गर्दी चपापली. कुणी हात जोडले, एक बाई रडायला लागली. आबांनी मान उचलून खणखणीत आवाजात सांगितलं, "अजून जिता हाय! वाट द्या!"

हशा उसळला, घोषणा उठली, आणि गर्दी दुभंगली. दार अडथळ्यांच्या फटीतून पलीकडे निघालं. तेवढ्यात तो हवालदार टोपी सावरत धावत आला. "अहो बाई! थांबा! मी काय सांगितलं? पुढे गाडी नेता येणार नाही!"

शीला थांबली नाही. चालता चालता मागे वळून म्हणाली, "गाडी तिथेच उभी आहे, साहेब. हे दार आहे. दाराला बंदी आहे असं कुठे लिहिलंय, तो बोर्ड दाखवा!"